पांदणीवरचा चिखल आणि सायकलचा टायर

विदर्भात हिवाळ्यात कसला आलाय चिखल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. नोव्हेंबर लागला की आभाळ स्वच्छ, धुऱ्यावरचं गवत पिवळं आणि पावसाळ्यात गुडघाभर रुतणारी पांदण टणक वाळलेली. पण केळझरहून सायकल घेऊन निघा, वर्धा-नागपूर रस्ता सोडा आणि कुठल्याही पांदणीला लागा. दोन-चार वावरं ओलांडली की चिखल भेटतोच. गव्हाला पाणी सुरू असतं, हरभऱ्याचं ओलीत चाललेलं असतं, कुठे संत्र्याच्या बागेतला पाट फुटून वाटेवर आलेला असतो, कुठे तुषार सिंचनाची फेक धुरा ओलांडून पांदणीच्या मधोमध पडत असते. त्यात डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान कधीतरी अवकाळी हजेरी लावतो, कधी गारांसह.

हा चिखल सलग नसतो, आणि टायर निवडताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती हीच. बराच वेळ खडखडीत वाट, मग दहा-वीस पावलं चिखल, मग मुरूम, मग पुन्हा खडखडीत. माउंटन बाइकच्या ‘मड टायर’बद्दल जे काही छापून येतं ते बहुतेक इंग्लंड, बेल्जियम, जर्मनीतल्या वाटांबद्दल असतं. तिथल्या जंगलातली वाट हिवाळाभर ओलीच राहते. वर कुजलेल्या पानांचा थर, मध्ये झाडांची ओली मुळं. तिथल्या सायकलस्वारानं हिवाळ्यापुरता उंच दातांचा टायर चढवला आणि मार्चमध्ये उतरवला, तर ते शहाणपणाचं. तोच टायर केळझरला आणला तर वीस पावलांच्या चिखलासाठी उरलेली सगळी सफर डुगडुगत, रबर झिजवत करावी लागते. आपल्याला हवा तो चिखल लवकर सोडणारा टायर. चिखलात घट्ट रुतून बसणारा नको. या लेखातलं बाकी सगळं या एका मुद्द्याभोवती फिरतं.

काळी माती सायकलशी कशी वागते ते आधी पाहू. बेसॉल्टच्या खडकापासून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आक्रसतं. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या त्यामुळेच. पाणी भरपूर असेल तेव्हा हा चिखल पातळ असतो, चाकावरून निथळून जातो. कोरडी असेल तेव्हा माती टणक. खरा त्रास मधल्या अवस्थेत. पाऊस थांबून दीड-दोन दिवस झालेत, वरून वाट सुकल्यासारखी दिसते, आणि चाक घातलं की माती थरावर थर चढत जाते. पहिल्या काही फेऱ्यांतच टायरच्या दातांमधल्या फटी भरतात. फटी भरल्या की दात असून नसल्यासारखे. टायर गुळगुळीत होतो. मग थर वाढत जाऊन फोर्कच्या कमानीला आणि मागे पेडलच्या वरच्या बाजूला, जिथे चौकटीच्या दोन नळ्या जवळ येतात तिथे घासू लागतो. त्यात वाटेवरचा गव्हांडा किंवा सोयाबीनचं कुटार मिसळलं तर भिंतीला लिंपायचा गाराच तयार होतो, आणि चाक जागच्या जागी थांबतं.

म्हणून टायर विकत घ्यायच्या आधी टायरकडे पाहू नका, सायकलकडे पाहा. चाकात पूर्ण हवा भरा आणि टायर व फोर्क यांच्यामध्ये करंगळी घालून बघा. दोन्ही बाजूंना आणि वर कमानीखाली ती सहज फिरली पाहिजे. मागच्या चाकाला हीच तपासणी दोन्ही नळ्यांजवळ करा. करंगळी अडकत असेल तर काळ्या मातीसाठी तुमचा टायर रुंद आहे, त्यावर कितीही मोठ्या कंपनीचं नाव असू द्या.

दुकानात नेमका याच्या उलटा सल्ला मिळतो. रुंद टायर घ्या, पकड जास्त मिळते. वाळूत, सैल खडीत आणि खडकाळ उतारावर ते खरंच आहे. पण आपल्याकडच्या साध्या माउंटन बाइकच्या चौकटीत जागा बेताची असते, आणि २.३५ किंवा २.४ इंची टायर बसला तरी त्याच्याभोवती चिखलाला निघून जायला वाट उरत नाही. केळझर परिसरासाठी माझं मत स्पष्ट आहे: १.९५ ते २.१ इंच. चौकट ऐसपैस असेल तर २.२५ पर्यंत. त्यापुढे जाऊ नका.

अरुंद टायरचा दुसरा फायदा हिवाळ्यातच मिळतो, पावसाळ्यात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भारी जमीन खोलवर भिजलेली असते. टायर कितीही अरुंद घेतला तरी खाली आधार सापडत नाही. हिवाळ्यातला अवकाळी मात्र बहुधा वरचा दोन-तीन बोटांचा थर भिजवतो. खालची जमीन ऑक्टोबरपासून वाळून घट्ट झालेली असते. अरुंद टायर तो वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतो, रुंद टायर वरच्या वर तरंगत घसरतो. ज्या पांदणींवर मुरूम पडलाय तिथे तर हा फरक पहिल्याच वळणावर कळतो.

आता दात. सायकलच्या भाषेत त्यांना नॉब म्हणतात. कोरड्या वाटेच्या टायरवर हे नॉब बुटके, दोन-तीन मिलिमीटरचे आणि दाटीवाटीने असतात. खास चिखलाच्या टायरवर ते सहा मिलिमीटर किंवा त्याहून उंच आणि विरळ. आपल्याला मधला हवा: चार मिलिमीटरच्या आसपास उंची, आणि दोन नॉबमध्ये मोकळी जागा. उंचीपेक्षा ही मोकळी जागा महत्त्वाची, कारण अडकलेली माती फेकली जाते ती तिथूनच. टायर हातात घ्या आणि मधल्या रांगेतल्या दोन नॉबच्या फटीत तर्जनीचं टोक टेकवा. ते तळापर्यंत पोचत असेल तर माती सुटेल. बोट वरच अडत असेल तर माती बसेल आणि बसूनच राहील. नॉबच्या बाजू तळाशी थोड्या पसरट, उतरत्या असतील तर आणखी चांगलं. सरळ उभ्या भिंतींच्या खोबणीत चिकणमाती धरून राहते.

नावं हवी असतील तर जगभर माहीत असलेली काही सांगतो, पण ती नमुना म्हणून घ्या. श्वाल्बेचा रॉकेट रॉन विरळ नॉबचा आणि हलका आहे, माती झटकतो. कड मात्र पातळ. त्याच कंपनीचा नॉबी निक जास्त टणक आणि सर्वसाधारण वापराचा. मॅक्सिसचा आयकॉन बुटक्या नॉबचा, कोरड्या वाटेचा. ओलिताच्या वावराशेजारी तो लवकरच हार मानतो. मॅक्सिसचाच शॉर्टी आणि श्वाल्बेचा मॅजिक मेरी हे उंच नॉबचे, रुंद, डोंगरउतारावर वेगाने उतरणाऱ्यांसाठी बनवलेले. आपल्या कामाचे नाहीत. वर्ध्यात किंवा नागपुरात यातलं काही मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. लुधियान्याच्या राल्सन आणि मेट्रो, हैदराबादच्या हार्टेक्स या भारतीय कंपन्याही माउंटन बाइकचे टायर करतात, आणि करंगळी-तर्जनीची परीक्षा त्यांनाही लागू पडते. शहरातल्या रस्त्यासाठी काढलेले, मधोमध अखंड पट्टा असलेले टायर तेवढे टाळा. डांबरावर ते छान पळतात, ओल्या मातीत त्या पट्ट्यावरून पुढचं चाक बाजूला सरकतं.

पुढचा आणि मागचा टायर एकच असला पाहिजे, असा काही नियम नाही. मागचं चाक घसरलं तर सायकल हलते, सावरता येते. पुढचं घसरलं तर माणूस पडतो. म्हणून जास्त पकडीचा टायर पुढे, आणि पैसे एकाच टायरपुरते असतील तर तोही पुढेच. पुढच्यासाठी कडेचे नॉब ठळक आणि सुटे बघा, वळताना भार त्यांच्यावर येतो. मागच्यासाठी आडवे नॉब चांगले. पेडल मारताना ते माती मागे ढकलतात. नव्वदच्या दशकात पॅनरेसर या जपानी कंपनीनं याच विचाराने पुढच्या चाकासाठी ‘डार्ट’ आणि मागच्यासाठी ‘स्मोक’ अशी जोडी काढली होती. टायरच्या कडेवर बाण छापलेला असतो तो फिरण्याच्या दिशेचा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात. पंक्चर काढणाऱ्यानं घाईत टायर उलटा बसवला नाही ना, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या.

हवेकडे लोक फार दुर्लक्ष करतात. टायर कितीही विचारपूर्वक घेतला आणि रस्त्याकडेच्या दुकानात पन्नास पीएसआय भरून निघालात, तर तो चिखलात उड्याच मारणार. ट्यूब असलेल्या २.१ इंची टायरमध्ये साठ-सत्तर किलोच्या माणसानं मागे तीस आणि पुढे अठ्ठावीस पीएसआयपासून सुरुवात करावी. मग दर खेपेला दोन-दोनने कमी करत जावं. दगडावर आपटल्यावर रिम खाली टेकल्याचा ठक्क आवाज आला की तिथे थांबावं आणि दोन पीएसआय परत वाढवावेत. त्याहून खाली गेलात तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्या हद्दीतच राहा. स्वतःचा मीटरवाला उभा पंप घ्या. मोटारसायकलच्या हवेच्या मीटरवर इतक्या बारीक फरकाचा भरवसा ठेवता येत नाही.

इथल्या हिवाळ्याची आणखी एक गंमत. दुपारी तीस अंशांवर चाकात तीस पीएसआय भरून सायकल अंगणात ठेवली आणि पहाटे पारा दहावर आला, तर हवा जराही न निसटता दाब सुमारे तीन पीएसआयने उतरतो. चाक सकाळी मऊ लागलं की लोक पंक्चर शोधत बसतात. हवा सकाळी निघतानाच मोजावी, एवढाच याचा अर्थ.

आणि आता काटे. खरं तर केळझरच्या सायकलस्वाराला चिखलाहून जास्त हेच छळतात. रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून शेतकरी बाभळीच्या, बोरीच्या फांद्यांचं कुंपण घालतात. हिवाळ्यात ते वाळतं, मोडतं, आणि काट्या पांदणीवर येतात. बाभळीचा काटा बोटभर लांब असू शकतो; त्याला अडवणारा टायर अजून कुणी बनवलेला नाही. रस्त्याच्या कडेला सराटा असतो, त्याचा काटा आखूड पण फळ कसंही पडलं तरी एक टोक वर राहतंच. तूर निघाली की मागे धसकटं उरतात, तिरपी कापलेली आणि टणक. ती टायरच्या तळाला काही करत नाहीत, बाजूच्या पातळ कडेला चिरतात. आणि चिखल हे सगळं झाकून ठेवतो. कोरड्या वाटेवर काटा दिसतो तरी.

त्यामुळे टायरच्या डब्यावर ‘टीपीआय’ म्हणून जो आकडा असतो, तिथे १२०च्या मोहात पडू नका. तो एका इंचातल्या धाग्यांचा हिशेब आहे. १२०चा टायर तलम, हलका, लवचिक, शर्यतीचा. ६०चा जाड धाग्याचा, थोडा जड आणि सोशीक. आपल्याला ६०चाच हवा. घडी घालता येणाऱ्या टायरऐवजी तारेच्या काठाचा घेतला तर पैसे वाचतात, वजन थोडं वाढतं, चालण्यात फरक पडत नाही. अतिमऊ रबराचा टायर ओल्या दगडावर चिकटून चालतो खरा, पण इथे प्रत्येक सफरीत काही किलोमीटर डांबर येतंच, आणि मऊ नॉब डांबरावर लवकर झिजतात.

ट्यूबलेसबद्दल हल्ली सगळेच विचारतात. बारीक काट्यांवर तो उपाय उत्तम आहे: टायरमधलं दुधी रबरी द्रव (सीलंट) भोकाशी येऊन घट्ट होतं आणि सायकल थांबत नाही. शिवाय ट्यूब चिमटण्याचा प्रश्न नसल्यानं हवा आणखी कमी ठेवता येते. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही त्या बनावटीचे लागतात. साध्या सायकलींचे बहुधा नसतात. ते द्रवही दोन-तीन महिन्यांत सुकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर त्याआधीच. ज्यांना ही देखभाल नको त्यांनी ट्यूबमध्येच सीलंट भरावं. त्यासाठी व्हॉल्व्हची आतली सुई निघणारी ट्यूब मागा, जाड, मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची. आपल्या गावठी काळ्या सायकलची व्हॉल ट्यूबवाली ट्यूब इथे चालत नाही.

पंक्चर वाटेत काढायचं तर एक युक्ती आधीच करून ठेवावी. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणावं. मग ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की काटा टायरमध्ये नेमका कुठे रुतलाय ते कळतं. काटा तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर ती पाच मिनिटांत जाते. आतून हात फिरवताना उघड्या बोटाने नको, फडक्याने चाचपा. फडकं अडकेल तिथे काटा. धसकटाने कड फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घरापर्यंत येता येतं. असा चार बोटांचा तुकडा सीटखालच्या पिशवीत नेहमी असावा.

माप विचारताना नुसतं ‘एकोणतीसचा द्या’ म्हणू नका. जुन्या टायरच्या कडेवर ५४-६२२ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या काठाचा व्यास. २६ इंची माउंटन बाइकला तो ५५९ असतो, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. गावठी सायकलच्या ‘अठ्ठावीस दीड’ला ६३५. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

इतकं सगळं करूनही जी अवस्था कुठल्याच टायरला झेपत नाही, ती ओळखता आली पाहिजे. शेतकरी पेरणीआधी जे करतो तेच करा. पांदणीवरची मूठभर माती उचला, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय, निघा. नुसता चपटा झाला, किंवा मुळात तळहातालाच चिकटून राहिला, तर त्या दिवशी काळ्या वाटेचा नाद सोडा. भीम गाडाभर अन्न घेऊन बकासुराकडे निघाला ती एकचक्रानगरी म्हणजे हेच केळझर, अशी इथली श्रद्धा आहे. त्याचा गाडा रुतला असं काही कुणी सांगत नाही. तोही वाफसा पाहूनच निघाला असणार.

अशा दिवशी पर्याय आहे तो टेकडीचा. सिद्धिविनायकाचं देऊळ आणि किल्ल्याचे अवशेष असलेल्या केळझरच्या टेकडीवर मुरमाड जमीन आहे. तिथे पाणी थांबत नाही, माती चिकटत नाही; पाऊस उघडला की थोड्याच वेळात सायकल चालते. तिथे मात्र सुटे दगड असतात, म्हणून हवा दोन-तीन पीएसआय वाढवून जा, आणि दर्शनाला आलेल्या माणसांच्या गर्दीत सायकल हातात धरा. बोरच्या जंगलाकडे मोह होतो खरा. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि वाघ काही प्रकल्पाच्या हद्दीतच राहत नाहीत. वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगलवाटेला लागू नका. जंगलाकाठच्या वावरांतून जायचं झालं तरी ऊन वर आल्यावर आणि जोडीने जा.

घरी आल्यावर सायकल लगेच धुवा, पाच मिनिटं का होईना. काळी माती ओली असेपर्यंत बादलीभर पाण्यात निघते, रात्रभर वाळली की खरवडावी लागते. गाड्या धुवायच्या दाबाच्या फवाऱ्याने मात्र नको. चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून वंगण निघून जातं. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबरात रुतलेले मुरमाचे खडे टोकदार काडीने काढा, नाहीतर पुढच्या खेपेला ते रिमच घासून खातात. चिखलात नियमित जाणाऱ्यांनी सायकल घेतानाच डिस्क ब्रेकची घ्यावी.

राहता राहिला ओलिताचा पाट. तो वाटेला आडवा गेला असेल तर वेगात त्यातून काढायचा प्रयत्न करू नका. चाकाने पाटाचा काठ फुटला की पाणी भलत्याच वावरात जातं, आणि रात्रपाळीची वीज मिळाली म्हणून थंडीत जागून ओलीत करणाऱ्या माणसाची रात्र वाया जाते. ठिबकच्या नळ्यांवरूनही चाक नेऊ नका. कुंपणाला झटका मशीन जोडलंय का ते बघून मगच सायकल टेकवा. सायकल बारा-पंधरा किलोची असते. ती खांद्यावर घ्या, पाट ओलांडा, पलीकडच्या धुऱ्यावर टेकवा, काडीने फोर्कमधली माती काढा आणि पुढे निघा.